स्मरणिकेचा मजकूर मार्कडाउनमध्ये कसा तयार करावा

इंदुरात गणपती दोन महिन्यांवर आले की प्रत्येक मराठी मंडळात स्मरणिका कुणा ना कुणाच्या गळ्यात पडते. मजकूर कसा हाती येतो हे ज्याने एकदा हे काम केले त्याला सांगायला नको. अध्यक्षांचे मनोगत व्हॉट्सअ‍ॅपवर पाच तुकड्यांत येते. जमाखर्च एक्सेलमध्ये असतो. रामबागेतल्या काकूंचा लेख वहीच्या पानांवर, त्याचे फोटो. लोकमान्य नगरातल्या निवृत्त सरांनी लेख वर्डमध्ये टाईप करून पाठवलेला असतो, पण कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये. हा सगळा ऐवज जुळवायचा, आणि मग तो छापखान्यात, सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पीडीएफ होऊन पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे असा तीन वाटांनी पाठवायचा. छापखान्यातल्या फाईलीत केलेली दुरुस्ती व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरात राहून जाते, आणि एकाच देणगीदाराचे आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लागते.

यावर उपाय जुना आहे, फक्त आपल्याकडे तो संगणकवाल्यांपुरता राहिला. मजकूर साध्या टेक्स्ट फाईलीत लिहायचा. शीर्षक कोणते, ठळक काय, यादी कुठे, हे सांगणाऱ्या मोजक्या खुणा त्या मजकुरातच टाकायच्या. अक्षर केवढे, रंग कोणता, समास किती, यातले काहीही त्या फाईलीत नसते. ते नंतर, जिथे फाईल जाईल तिथे ठरते. अशा खुणांच्या पद्धतींना हलक्या मार्कअप भाषा म्हणतात, आणि त्यांतली आज सर्वांत चालणारी म्हणजे मार्कडाउन.

मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी २००४ साली प्रसिद्ध केली. खुणा ठरवण्यात अ‍ॅरन स्वार्ट्झ यांचा हात होता. लोक ईमेलमध्ये आधीपासून ज्या खुणा करत होते, म्हणजे शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारे, यादीपुढे आडवी रेघ, उताऱ्यापुढे बाणासारखे चिन्ह, त्यांचीच शिस्त लावली. म्हणून खुणांसकट असलेली कच्ची फाईलही माणसाला वाचता येते. काकूंना तीच फाईल तपासायला दिली तर त्या अडत नाहीत, आणि स्मरणिकेच्या कामात हा गुण मला सर्वांत मोठा वाटतो. ग्रुबर यांनी नियम थोडे सैल सोडले होते, त्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅम आपापला अर्थ लावू लागला. २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाने नियम नीट बांधले गेले. खाली मी नियम म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा कॉमनमार्कचे नियम समजा.

इंग्रजीत यावर हवे तेवढे लिहिलेले सापडते. पण मराठी लिहिताना जिथे पाय अडकतो त्या जागा त्यात नसतात. या लेखाचा भर त्यांच्यावर आहे.

## आधी सगळे युनिकोडमध्ये

कृतीदेव हा फाँट म्हणजे रोमन अक्षरांना चढवलेला देवनागरी मुखवटा. फाईलीत प्रत्यक्ष साठलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. मुखवटा काढला, म्हणजे साध्या टेक्स्ट फाईलीत मजकूर चिकटवला, की निरर्थक रोमन अक्षरे उरतात. साध्या टेक्स्टला फाँट नसतोच, त्यामुळे इथे कृतीदेव, शिवाजी किंवा तसला कुठलाही जुना फाँट चालत नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. बदलून देणारी साधने इंटरनेटवर फुकट मिळतात.

पण बदललेला मजकूर डोळे मिटून घेऊ नका. यातली बरीच साधने हिंदी डोळ्यांपुढे ठेवून बनलेली आहेत. तीन गोष्टी मुद्दाम शोधून पाहा. एक, जोडाक्षरावरची पहिली वेलांटी आणि रफार जागेवर आहेत का. दोन, ळ शाबूत आहे का. तीन, अर्धा र: ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की डोंगरांतून माणूस थेट समुद्रात पडतो, आणि शुद्धलेखन तपासनीस काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

हस्तलिखित असेल तर मोबाईलवर बोलून टाईप करणे बहुधा सर्वांत लवकर होते. मात्र कीबोर्डवर भाषा मराठी निवडलेली आहे ना ते पाहा. इंदूरच्या फोनांवर हिंदी आधीच बसवलेली असते, आणि ‘आहे’ला ‘है’ करायला ती टपलेलीच असते.

फाईल साठवताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवायची पद्धत, यूटीएफ-८ असावे. विंडोजच्या नोटपॅडमध्ये २०१९ पासून हेच आपोआप निवडलेले असते. त्याआधीच्या विंडोजवर साठवताना एएनएसआय असे दिसते. तिथे ते बदलले नाही तर पुढच्या वेळी फाईल उघडल्यावर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या दिसतात. हा फाँटचा दोष नसतो. अक्षरे फाईलीतूनच गेलेली असतात, आणि ती कुठल्याही युक्तीने परत येत नाहीत. समितीत कुणाचा जुना संगणक असेल तर त्याला हे आधीच सांगून ठेवा.

## लिहायचे कुठे, आणि # आणायचे कुठून

नोटपॅड पुरते. थोडी सोय हवी असेल तर व्हीएस कोड किंवा ऑब्सिडियन घ्या. त्यांत खुणा टाकल्या की शेजारी किंवा जागीच परिणाम दिसतो. अँड्रॉइड फोनवर मार्कर नावाचे छोटे, मोफत अ‍ॅप आहे. फाईलीचे नाव रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता ठेवा आणि शेवटी डॉट एमडी (.md) लावा.

खरी अडचण कीबोर्डची. मध्य प्रदेशातल्या सीपीसीटी या संगणक-टंकलेखन परीक्षेसाठी ज्यांनी इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी शिकून घेतली आहे त्यांचा हात मराठीतही भराभर चालतो. पण इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ३ दाबले तर # येत नाही, ‘्र’ येते. ८ वर तारा नसतो, तिथे ‘श्र’ बसलेला. > च्या जागी दंड येतो, चौकटी कंसाच्या जागी ‘ड’. मार्कडाउनच्या निम्म्या खुणा आपल्या कीबोर्डवर नाहीतच.

यासाठी लेख आधी सलग मराठीत टाईप करून टाका, खुणांचा विचारही करू नका. मग कीबोर्ड इंग्रजीवर नेऊन (विंडोजमध्ये विंडोज आणि स्पेस ही बटणे एकत्र) वरपासून खालपर्यंत एका फेरीत खुणा टाका. दर ओळीला भाषा बदलत बसलात तर वैतागून सोडून द्याल. यादीसाठी मार्कडाउनमध्ये तारा, अधिक आणि हायफन तिन्ही चालतात. हायफन इनस्क्रिप्टमध्येही त्याच जागी आहे, म्हणून यादीला नेहमी हायफनच लावा. याचा पुढे आणखी एक फायदा होणार आहे.

## रोजच्या खुणा

स्मरणिकेतल्या एका पानाएवढा नमुना:

```
# अहिल्याबाई आणि आपले इंदूर

**अहिल्याबाई होळकर** (१७२५–१७९५) यांनी राजधानी
महेश्वरला नेली.

## या अंकात

- अध्यक्षांचे मनोगत
- वर्षभरातील कार्यक्रम
    - शारदोत्सव
    - हळदीकुंकू
- जमाखर्च

> मंडळाची वर्गणी दरवर्षी चैत्रात जमा करावी.

1. मागील सभेचे इतिवृत्त मंजूर झाले.
2. नवीन कार्यकारिणी निवडली.
```

एक # म्हणजे मुख्य शीर्षक, दोन म्हणजे उपशीर्षक, असे सहापर्यंत जाता येते. तीनच्या पुढे जायची वेळ आली तर लेखाचीच मांडणी पुन्हा पाहावी, असे माझे मत. # नंतर एक मोकळी जागा हवीच, चिकटवून लिहिलेले शीर्षक शीर्षक ठरत नाही. दोन-दोन ताऱ्यांमधले ठळक होते, > ने सुरू झालेला परिच्छेद अवतरण होतो, आणि यादीतली पोटयादी चार जागा आत सरकवून लिहितात. दुवा द्यायचा असेल तर दिसणारे शब्द चौकटी कंसात आणि लगेच पुढे, जागा न सोडता, पत्ता गोल कंसात.

परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ सोडायची. शीर्षकाच्या आणि यादीच्या आधीही सोडायची. काही प्रोग्रॅम रिकाम्या ओळीशिवाय चालवून घेतात, काही घेत नाहीत, म्हणून ही सवयच लावून घ्या. उलट नुसते एकदा एंटर मारून ओळ बदलली तर मार्कडाउनच्या लेखी ती ओळ बदललेलीच नसते, दोन्ही ओळी जोडून सलग छापल्या जातात. वरच्या नमुन्यात ‘राजधानी’ नंतर ओळ मोडली आहे, पण छापताना ‘महेश्वर’ त्याला लागूनच येईल. ही गोष्ट आपल्या सोयीचीच आहे. एका ओळीत एक वाक्य लिहा: छापताना परिच्छेद एकसंध दिसतो, आणि दुरुस्ती करताना नेमके वाक्य सापडते, वर-खाली हलवता येते.

## मराठीत कुठे अडते

आकडे. आपण ठराव लिहितो तो असा:

```
१. मागील सभेचे इतिवृत्त मंजूर झाले.
२. नवीन कार्यकारिणी निवडली.
३. सभासद वर्गणीत वाढ करण्यात आली.
```

दिसायला यादी आहे, मार्कडाउनला मात्र ती यादी वाटत नाही. क्रमांकाची यादी ओळखण्यासाठी नियमात 0 ते 9 हे इंग्रजी आकडेच धरलेले आहेत. देवनागरी आकडा त्याच्या दृष्टीने एक अक्षर. परिणाम असा की तिन्ही ठराव जोडून एकच लांबलचक परिच्छेद छापला जातो. म्हणून यादीच्या तोंडाशी 1, 2, 3 लिहा, मजकुरातले आकडे खुशाल देवनागरीत ठेवा. मग छापताना ते 1, 2, 3 खुपतील त्याचे काय? वेबपानावर सोय आहे: स्टाईलशीटमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या फाईलीत, क्रमांकांची शैली देवनागरी अशी निवडता येते, की क्रमांक १, २, ३ दिसतात. छापील प्रतीत क्रमांकाची शैली शेवटच्या टप्प्यावर, वर्डमध्ये किंवा छापखान्यात बदलावी.

प्रत्यय. ठळक आणि तिरप्या अक्षरांसाठी ताराही चालतो आणि अंडरस्कोअरही. इंग्रजीत दोन्ही सारखेच. मराठीत नाहीत, कारण आपल्या शब्दांना प्रत्यय चिकटतात. ‘इंदूर’ एवढेच ठळक करून ‘ला’ साधा ठेवायचा तर `**इंदूर**ला` बरोबर चालते, पण `__इंदूर__ला` चालत नाही, त्या रेघा तशाच छापल्या जातात. शब्दाच्या पोटात आलेला अंडरस्कोअर खूण म्हणून धरायचा नाही, असा नियम आहे. तेव्हा मराठीत अंडरस्कोअर वर्ज्य.

ताऱ्यांनाही एका जागी ठेच लागते. ठळक भागाच्या शेवटी अवतरणचिन्ह किंवा कंस असेल आणि बंद करणाऱ्या ताऱ्यांना लागून प्रत्यय असेल, म्हणजे `**‘शारदोत्सव’**ची` असे, तर कॉमनमार्क पाळणारे प्रोग्रॅम शेवटचे तारे बंद करणारे मानतच नाहीत आणि चारही तारे पानावर दिसतात. अवतरणचिन्हे ताऱ्यांच्या बाहेर काढा, किंवा प्रत्ययासकट सगळेच ठळक करा. प्रत्ययासकट ठळक केलेले डोळ्यांनाही बरे दिसते.

तिरप्या अक्षरांबद्दल माझा सल्ला साफ आहे: वापरूच नका. देवनागरीला तिरप्या वळणाची परंपरा नाही. बहुतेक फाँटांत तिरपे म्हणून जे मिळते ते सरळ अक्षर यंत्राने कलते केलेले असते. पुस्तकाचे किंवा रागाचे नाव वेगळे दाखवायला एकेरी अवतरणचिन्ह आपल्याकडे आहेच.

जागा सोडून सरकवणे. शाळेत शिकवलेले असते की परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घ्यावी आणि पत्राची तारीख उजवीकडे लिहावी. ही शिस्त पाळणारे लेखक स्पेसबारवर बोट ठेवून तारीख पलीकडे नेतात. मार्कडाउनमध्ये रिकाम्या ओळीनंतर चार किंवा जास्त जागांनी, किंवा टॅबने, सुरू होणारी ओळ म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम समजली जाते. सरांचा सगळा परिच्छेद करड्या चौकटीत, टंकलेखनी अक्षरांत, न मोडणाऱ्या एका ओळीत जाऊन बसतो. वर्डमधून मजकूर चिकटवला की सर्वप्रथम ओळींच्या सुरुवातीच्या या जागा काढून टाका. उजवीकडची तारीख हा दिसण्याचा प्रश्न आहे, तो मांडणी करताना सोडवायचा.

खालची सही. लेखाखाली `- संपादक` असे लिहायची आपली पद्धत आहे. हायफन आणि जागा, म्हणजे मार्कडाउनच्या मते यादी, आणि बिचारे संपादक एका बिंदूपुढे एकटे उभे राहतात. हायफनच्या आधी उलटी तिरपी रेघ द्या, `\- संपादक`, की त्याचा खुणेचा अर्थ जातो. कुठलीही खूण निकामी करायला हीच युक्ती. आणखी एक: परिच्छेद संपला म्हणून लगेच खालच्या ओळीवर `-----` अशी रेघ ओढलीत तर वरचा परिच्छेद भलामोठा होऊन उपशीर्षक बनतो. रेघ हवी असेल तर तिच्या आधी रिकामी ओळ सोडा.

## कविता, पत्ते, निमंत्रण

जिथे ओळ मोडणे हाच अर्थाचा भाग आहे तिथे ओळी जोडण्याचा नियम आडवा येतो. ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडल्या की ओळ तिथे मोडते, असा मूळ नियम आहे. पण त्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि काही संपादक प्रोग्रॅम साठवताना त्या पुसून टाकतात. त्याऐवजी ओळीच्या शेवटी उलटी तिरपी रेघ `\` द्या. निमंत्रणातल्या तारीख, वेळ, स्थळ या ओळींना ती पुरेशी आहे.

कवितेला प्रत्येक ओळीमागे ती रेघ पाहून कवी नाराज होतो. पॅनडॉक या प्रोग्रॅममध्ये (त्याच्याबद्दल पुढे) यावर देखणी सोय आहे. प्रत्येक ओळीपुढे उभी रेघ आणि एक जागा:

```
| दिवे लागले राजवाड्यावर,
| सराफ्याला आली जाग;
|     कढईखाली हळूहळू
|     फुलू लागली लाल आग.
```

यात ओळी जशा लिहिल्या तशाच राहतात, आणि आत सरकवलेल्या ओळींच्या जागाही टिकतात. अभंग, ओव्या, आरत्या, सगळे यात बसते. मात्र ही खूण पॅनडॉकची आहे, मूळ मार्कडाउनची नाही. दुसरीकडे ती चालेल असे धरू नका.

## जमाखर्चाचा तक्ता

```
| तपशील        | जमा    | खर्च   |
|:-------------|-------:|-------:|
| वर्गणी       | ६१,००० |        |
| मंडप व वीज   |        | १८,५०० |
| स्मरणिका छपाई |        | २२,००० |
```

दुसऱ्या ओळीतला अपूर्णविराम उजवीकडे दिला की तो रकाना उजवीकडून जुळतो, आकड्यांना तसेच हवे. देवनागरीत काना, मात्रा आणि जोडाक्षरांमुळे उभ्या रेघा एकाखाली एक कधीच येत नाहीत. त्या जुळवण्याच्या नादी लागू नका, प्रोग्रॅम फक्त रेघा मोजतो. तक्ता हा मूळ मार्कडाउनचा भाग नाही, पण गिटहबच्या आणि पॅनडॉकच्या नियमांत तो आहे. तीन-चार रकान्यांपुढे गेलात तर एक्सेलच बरे. बेरीज मार्कडाउन करून देत नाही.

## एका फाईलीतून तीन

व्हॉट्सअ‍ॅपपासून सुरू करू. त्याच्या खुणा मार्कडाउनसारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत: तिथे एकच तारा म्हणजे ठळक. मार्कडाउनमध्ये एक तारा म्हणजे तिरपे आणि दोन म्हणजे ठळक. एआयने लिहिलेला मजकूर लोक ग्रुपवर टाकतात तेव्हा शब्दांभोवती जे जास्तीचे तारे विखुरलेले दिसतात, ते यामुळेच. आता वरचे दोन सल्ले कामी येतात. तिरपे वापरले नाही आणि यादीला तारा लावला नाही, तर फाईलीत दुहेरी तारे तेवढे उरतात. फाईलीची प्रत करा आणि ‘शोधा-बदला’ने सगळे `**` एका झटक्यात `*` करून टाका. हायफनची यादी आणि > चे अवतरण व्हॉट्सअ‍ॅपला २०२४ पासून समजते. शीर्षके समजत नाहीत, # काढून तिथे हाताने तारे लावावे लागतात.

छपाई आणि पीडीएफसाठी पॅनडॉक. जॉन मॅकफार्लन हे बर्कलीच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी २००६ मध्ये हा प्रोग्रॅम बाहेर आणला. तो मोफत आहे, आणि खुणांच्या एका भाषेतून दुसऱ्या भाषेत किंवा वर्ड, एचटीएमएल, ई-पब अशा रूपांत फाईल बदलून देतो. त्याला खिडकी, बटणे काही नाहीत, काळ्या पडद्यावर कमांड द्यावी लागते. घाबरण्यासारखे त्यात एवढेच आहे:

```
pandoc smaranika.md -o smaranika.docx
```

हे सगळे रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाईप करायचे: प्रोग्रॅमचे नाव, आपली फाईल, हायफन-ओ, आणि हव्या त्या फाईलीचे नाव. शेवटच्या नावातल्या डॉटनंतरच्या अक्षरांवरून तो रूप ओळखतो. हीच कमांड उलटी दिली तर वर्डमध्ये आलेला लेख मार्कडाउन होऊन हाती येतो. लेखकांकडून आलेल्या युनिकोड वर्ड फाईली उघडून कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा हे केव्हाही बरे. कुणी गुगल डॉक्समध्ये लिहीत असेल तर डाउनलोडच्या यादीतच मार्कडाउन आहे.

फाईलीच्या अगदी वर तीन हायफनांच्या दोन ओळींमध्ये शीर्षक, लेखक, तारीख यांची माहिती देता येते. त्यात भाषा सांगणारी एक ओळ असते, तिथे एमआर, म्हणजे मराठी, लिहा (lang: mr). ही ओळ आपण इंदूरकरांनी तर विसरूच नये. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाच्या ल, श पेक्षा वेगळे असतात. ज्या फाँटांत दोन्ही वळणे आहेत तिथे कुठले दाखवायचे हे भाषेच्या खुणेवरून ठरते. खूण नसेल तर हिंदी वळण येते, आणि ‘शाळा’ आपल्या डोळ्यांना परकी वाटते. मराठी मजकुरासाठीच बनवलेला ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फाँट घेतला तर हा प्रश्नच येत नाही. मथळ्यांसाठी ‘मुक्त’ चांगला दिसतो.

पॅनडॉक थेट पीडीएफही करतो, पण तो त्यासाठी आतून लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचे जे इंजिन घेतो त्याला देवनागरी झेपत नाही. झीलाटेक हे इंजिन निवडून देवनागरी फाँटचे नाव सांगावे लागते. वर्षातून एकदा स्मरणिका काढणाऱ्याने हा खटाटोप करू नये. वर्ड फाईल करा, ती लिबरऑफिसमध्ये उघडा, मथळ्याची आणि परिच्छेदाची शैली एकदाच बदला, तिथूनच पीडीएफ काढा. मथळे खुणांनी दिलेले असल्यामुळे एक शैली बदलली की सगळ्या अंकातले मथळे बदलतात, अनुक्रमणिकाही आपोआप होते. शैली बदललेली ही फाईल नमुना म्हणून जपून ठेवा. पुढच्या वर्षी पॅनडॉकला तीच ‘रेफरन्स डॉक’ म्हणून दिली की तोच थाट पुन्हा मिळतो.

## छापखान्यात

इथे संवाद ठरलेला. तुम्ही पेन ड्राईव्ह पुढे करता आणि ऑपरेटर म्हणतो, “भिया, ये तो मंगल में है, कृतिदेव में करके लाओ.” मंगल म्हणजे त्याच्या बोलीत युनिकोड. त्याचेही चुकत नाही. पेजमेकर या पाने मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे, तिला युनिकोड कळत नाही, आणि त्याचा हात तिच्यावरच बसलेला आहे.

आधी विचारा, इनडिझाईन हा नवा प्रोग्रॅम आहे का. असेल तर वर्ड फाईल तशीच घेता येते, शैलीसकट. ऑपरेटरने परिच्छेदाच्या मांडणीत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला पाहिजे, नाहीतर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या पुढे-मागे होतात. त्या वेळी शेजारी बसा. पेजमेकरच असेल तर मजकूर उलटा कृतीदेवमध्ये बदलून द्यावा लागेल, पण तो अगदी शेवटी, सगळी तपासणी आटोपल्यावर, आणि खुणा काढून. पॅनडॉकला ‘प्लेन’ रूप मागितले की खुणा गाळलेला मजकूर मिळतो. खुणा राहिल्या तर कृतीदेवमध्ये त्यांची भलतीच अक्षरे होतात. मग ळ, रफार आणि अर्धा र यांची तीच जुनी तपासणी पुन्हा.

## मार्कडाउनखेरीज

मराठी विकिपीडियावर लिहायचे असेल तर खुणा वेगळ्या: शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना बरोबरची चिन्हे, ठळकसाठी तीन एकेरी अवतरणचिन्हे. पॅनडॉक मार्कडाउनमधून तेही करून देतो. इमॅक्स हा संपादक प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना त्यातली ऑर्ग-मोड ही खुणांची पद्धत ठाऊक असेलच. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने ते २००३ मध्ये सुरू केले, आणि टाचणे, कामांच्या याद्या यांसाठी त्याच्या तोडीचे काही नाही. पण समितीतल्या बाकीच्यांना इमॅक्स शिकवायला जाऊ नका. टिपा, सूची, प्रकरणांचे परस्पर संदर्भ असलेले जाड पुस्तक, समजा एखादा कुलवृत्तांत, काढायचे असेल तर अ‍ॅस्कीडॉक पाहण्यासारखी आहे. २००२ पासून ती पुस्तकी कामासाठीच वाढली.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही पायथनवाल्यांची भाषा मी मराठीसाठी सुचवणार नाही. तिच्यात शीर्षकाखाली रेघ ओढतात आणि ती शीर्षकाइतकी लांब असावी लागते. लांबी मोजताना काना, वेलांटी सुटी धरली जाते, त्यामुळे डोळ्यांना पुरेशी दिसणारी रेघही ‘आखूड आहे’ अशी तक्रार येते. करायचेच झाले तर रेघ शीर्षकाच्या दुप्पट ओढा.

## प्रुफे आणि जपणूक

छापखान्यातून प्रुफ आले की कागदावर लाल पेनने केलेली प्रत्येक दुरुस्ती आधी एमडी फाईलीत करा, मग ऑपरेटरला सांगा. हा क्रम उलटा झाला की छापलेली प्रत एक आणि फाईल दुसरी, आणि पुढच्या वर्षी जुन्या चुका नव्याने छापल्या जातात. समितीत संगणकाची आवड असलेला कुणी तरुण असेल तर त्याला गिट वापरायला सांगा. कोणते वाक्य कुणी, कधी बदलले ते दिसते, आणि एका ओळीत एक वाक्य असेल तर नेमके दिसते. नसेल कुणी, तर रोज संध्याकाळी फोल्डरची तारखेनिशी एक प्रत केली तरी भागते. अख्ख्या स्मरणिकेचा मजकूर एका फोटोपेक्षाही कमी जागा घेतो.

प्रत्येक लेखाची फाईल वेगळी, नावाच्या सुरुवातीला 01, 02 असा क्रम, छायाचित्रे शेजारच्या फोल्डरमध्ये मूळ आकारात. अंक निघाला की हे सगळे, अंतिम पीडीएफ आणि वापरलेल्या फाँटांच्या फाईली एका फोल्डरमध्ये घालून एक प्रत मंडळाच्या ईमेलच्या ड्राईव्हवर आणि एक प्रत सचिवांकडे द्या. तुमच्या स्वतःच्या खात्यावर ठेवू नका. कार्यकारिणी दरवर्षी बदलते.